पहिल्या पाण्याची साक्ष

"साक्षीनं नाही म्हटलं."

खातूंच्या शर्वाणीनं मोबाइल ओट्यावर ठेवला आणि पुन्हा उलथनं उचललं. भिंतीवरचा गाळ खरवडायला घरात तेवढंच एक धड हत्यार उरलं होतं. बाकीचं शिरवंती नदीनं नेलं होतं, आणि जे नेलं नव्हतं ते चिखलात बुडवून परत ठेवलं होतं.

"कोण साक्षी?" द्वारकाबाईंनी अंगणातून विचारलं. शर्वाणीच्या सासूबाई सकाळपासून ओल्या गाद्या उन्हाकडे वळवत होत्या. ऊन ढगाआड गेलं की त्याला शिव्या घालत होत्या.

"उंबऱ्यातली, आई. विम्याची. आपला दावा फेटाळला."

"तिला कोण विचारतं? ती काय घरातली आहे?"

ती घरातलीच होती. तीच तर अडचण होती.

वहाळपेठेतल्या शिरवंती पार्कच्या सगळ्या घरांच्या उंबऱ्यात एक बोटभर पट्टी बसवलेली होती. कागदावरचं तिचं नाव जलसाक्षी. ती नसेल तर विमा नाही, विमा नसेल तर बँक घराला कर्ज देत नाही. त्यामुळे गृहप्रवेशाला नारळ फुटायच्या आधी पट्टी बसायची. बायका तिला साक्षीताई म्हणायच्या, पुरुष चुगलखोर म्हणायचे.

पाणी दिसायला सगळं सारखं, पण प्रत्येक पाण्याला आपापलं गणगोत असतं. नदीच्या पाण्यात तिच्या माशांच्या कातडीचे, शेवाळाचे, काठच्या झाडांच्या मुळांचे आणि नजरेला न दिसणाऱ्या असंख्य जिवांचे कण तरंगतात. त्या कणाकणात त्या जिवाची कुंडली, म्हणजे डीएनए, विरघळत असते. गटाराच्या पाण्यातली वस्ती निराळी. पावसाचं पाणी जवळजवळ ओसाड. भरतीचं पाणी येतं ते मीठ आणि समुद्राची पिलावळ घेऊन. पाणी उंबऱ्याला टेकलं की ही सगळी वस्ती ती पट्टी वाचायची. कुठलं पाणी, किती वेगानं आलं, सोबत किती गाळ होता, हे ती तिथल्या तिथे कंपनीला कळवायची.

हे यंत्र आलं ते भांडणं मिटवायला. पूर्वी पूर ओसरला की विमा कंपनी म्हणायची, तुमच्या घरात गटार तुंबून पाणी शिरलं, ते आमच्या विम्यात बसत नाही. घरवाला म्हणायचा, नदी आली होती हो, डोळ्यांनी बघितली. मग वर्षानुवर्षं कोर्ट. पुरात सगळी पाणी एकमेकांत मिसळतात, नंतर कुणाला काय सांगता येणार? म्हणून नियम झाला पहिल्या पाण्याचा. उंबऱ्याला जे पाणी पहिल्यांदा शिवेल, तेच घर बुडवणारं मानायचं. पहिलं पाणी नदीचं असेल तर कंपनी घर दुरुस्त करून देणार आणि तोवरचे बँकेचे हप्तेही भरणार.

शर्वाणीनं निरोप पुन्हा उघडला. आता मोठ्यानं वाचला.

"प्रथम जलस्पर्श, नदी. गाळ, नाही. वेग, नाही. पाण्यासोबत तांदळाचं पीठ, हळद, मानवी त्वचा. निष्कर्ष, पाणी हातानं आणलेलं. विमाछत्र रद्द."

उलथनं तिच्या हातात तसंच राहिलं.

"आई, तुम्ही पाऊल उठवलंत?"

"मग? नाही उठवणार?" द्वारकाबाई दारात आल्या. "नदी पायरीशी आली आणि घरातली बाई हात बांधून बसली, असं कधी झालंय वहाळपेठेत?"

झालं नव्हतं. शिरवंती चढायला लागली की घरातल्या मोठ्या बाईनं तांब्या घेऊन खाली जायचं, तिचंच पाणी तिलाच विचारून आणायचं, त्यात तांदळाचं पीठ आणि हळद कालवायची. मग मूठ वळून, मुठीची कड त्या पाण्यात बुडवून उंबऱ्यावर ठसा उठवायचा आणि बोटाच्या टोकानं पाच टिंबं द्यायची. झालं बाईचं पाऊल. फक्त त्याची बोटं बाहेरच्या दिशेला. म्हणजे ती येऊन गेली, मान घेतला, परत निघाली. आलेल्या पाहुणीनं पुन्हा कशाला यायचं?

पूर आला त्या दुपारी शर्वाणी रंगाच्या दुकानात होती. गिऱ्हाइकांनी आणलेल्या भिंतीच्या पोपड्यावरून यंत्रात रंग जुळवून द्यायचा, हे तिचं काम. घरी द्वारकाबाई एकट्या होत्या. एकट्याच पायऱ्या उतरल्या, एकट्याच चढल्या, आणि उंबऱ्याशी बसून त्यांनी म्हटलं,

शिरवंती बाई आली, तिचं पाऊल दारात,
हळदीकुंकू घे गो, मग जा आपल्या घरात.

भरली तुझी ओटी, वर ठेविला नारळ,
लेकरं निजली आत, नको वाजवू खळखळ.

नदीनं ऐकलं नाही. पण साक्षीताईनं ऐकलं. नदी आत आली त्याच्या थोडंच आधी तिनं आपली नोंद करून टाकली होती, आणि पहिलं पाणी एकदाच असतं.

शर्वाणी खाली बसली, पुन्हा उठली, आत जाऊन बाहेर आली. "आई, बँक काढून घेईल घर. तीन हप्ते थकले की लिलाव लावतात."

"अगो पण नदी खरोखरच आली ना! भिंतीवर रेघ आहे ना तिची!"

"रेघेला कुणी विचारत नाही."

द्वारकाबाईंनी उंबऱ्याकडे बघितलं. तिथं आता पाऊल नव्हतं, नुसता चिखल होता. त्या चिखलात पट्टीचा हिरवा ठिपका नेमानं लुकलुकत होता.

---

शेजारच्या लतिका बुटालानं वाट दाखवली. तिचा दावाही असाच फेटाळला होता आणि आठवड्यात मंजूर होऊन आला होता. तिच्या घरी सुतार लागला होता.

"एक कलम आहे," ती कुंपणावरून म्हणाली. "घरातल्या अजाण माणसानं काही केलं तर ते तुमच्या माथी मारत नाहीत. लहान मूल, नाहीतर ज्याला भान नाही असं. आमच्या आईला मी विस्मृतीचा आजार दाखवला. एक चाचणी असते. आई काय, तशीही तीनदा मीठ घालते भाजीत."

"लतिका!"

"काय लतिका? मग रस्त्यावर बसू? तुझं बरं आहे बाई, तुझ्याकडे वेडी करायला सासू तरी आहे. त्या कोपऱ्यावरच्या जोशीणबाईंनी स्वतःच उठवलं होतं पाऊल. त्या कुणाला वेडी करणार?"

संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. कैवल्य दामले नावाचा, चष्म्यावर चिखलाचे शिंतोडे, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली. तो वाईट नव्हता, ते शर्वाणीला लगेच कळलं आणि त्यामुळे तिला जास्तच राग आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"मी मानतो हो मॅडम, नदी आली होती," तो म्हणाला. "मी स्वतः होडीतून फिरलोय या गल्लीत. पण साक्षीच्या नोंदीवर आम्ही हात फिरवू शकत नाही. तो आमचा अधिकारच नाही. एकच रस्ता आहे. त्यांना सोमवारी चाचणीला घेऊन या."

"आणि चाचणीत त्या ठणठणीत निघाल्या तर?"

दामलेनं आत नजर टाकली. द्वारकाबाई त्याच्यासाठी चहा गाळत होत्या आणि गाळता गाळता मोजून सांगत होत्या, त्याच्या घराण्यातले दामले कोण, ते केव्हा मुंबईला गेले आणि कुणाची मुलगी करून आले.

"तर अवघड आहे," तो हळूच म्हणाला.

---

निनादचा फोन सकाळी आला. शर्वाणीचा नवरा मालवाहू जहाजावर होता, आफ्रिकेच्या पलीकडे कुठंतरी. त्याचा आवाज यायचा आणि मध्येच पाण्यात बुडून पुन्हा वर यायचा.

"सही करून टाक," तो म्हणाला. "कागदच आहे."

"तुझी आई आहे ती."

"म्हणूनच म्हणतोय. तिचे बालवाडी चालवून साठवलेले सगळे पैसे त्या घरात आहेत. घर गेलं तर तिला काय वाटेल? आणि आईला विचार ना, ती नाही म्हणणार नाही."

हे खरं होतं आणि तेच शर्वाणीला सहन होत नव्हतं. विचारायची गरजच पडली नाही. फोन ठेवून ती वळली तर द्वारकाबाई मागे उभ्या.

"वेडी म्हणजे कशी करायची?" त्यांनी विचारलं. "केस सोडू?"

"आई, काहीतरी बोलू नका."

"खरंच विचारत्ये. पंचवीस वर्षं बालवाडी चालवली मी. वाघ झाल्ये, म्हातारी झाल्ये, भोपळा झाल्ये. वेडी व्हायला काय लागतं?"

"वेडी नाही. विसरभोळी."

"ते मात्र अवघड आहे गो." त्या चिंतेत पडल्या. "मला तुझ्या लग्नात तुझ्या मावशीनं किती लाडू खाल्ले तेसुद्धा आठवतं."

शर्वाणीला हसू आलं. ती दुकानात निघून गेली. दिवसभर लोक येत होते. सगळ्यांना एकच रंग हवा होता, पुराची रेघ झाकेल असा. यंत्र गरगरत होतं, डबे भरत होते. तिचा मात्र एकही रंग जुळत नव्हता. मालकांनी दोनदा विचारलं, "ताई, बरं नाही का?"

परतताना लतिकाच्या दारात कर्कश भोंगा ऐकू आला. लतिकाची आई उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून उभी होती. हातात देवाला काढलेली तगरीची चार फुलं. भोंगा थांबत नव्हता. म्हातारीनं पाय आत घेतला, भोंगा थांबला. पुन्हा बाहेर टाकला, पुन्हा सुरू. लतिका धावत आली आणि मोबाइलवर बोट दाबून तिनं तो बंद केला.

"हे काय?"

"साक्षी." लतिकानं नजर चुकवली. "भान नसलेलं माणूस घरात आहे म्हटल्यावर कंपनीनं तिला लक्ष ठेवायचंही काम लावलं. आई एकटी बाहेर पडली की ओरडते. काय गं, काळजीच आहे ना ती?" मग एकदम तिचा आवाज उतरला. "आणि नवा हप्ता आलाय विम्याचा. सगळ्या वहाळपेठेत ज्याच्या त्याच्या घरातनं हेच गेलं ना वर, म्हातारीनं भान नसताना पाणी ओतलं. ते यंत्र शिकतं म्हणे आपल्याकडून. त्यानं हिशेब केला, साठीच्या वरची बाई घरात असेल तर घराला धोका जास्त. हप्ता दीडपट. मी आईला पावसाळ्यापुरती पनवेलला धाडत्ये, बहिणीकडे. सगळेच धाडतायत."

म्हातारीनं फुलं शर्वाणीच्या हातात दिली. "तू ठेव देवाला," ती म्हणाली. "मला ही बया बाहेर सोडत नाही."

---

सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी, कंपनीच्या कचेरीत, त्या दोघी टेबलाच्या एका बाजूला बसल्या. समोर दामले आणि त्याच्याशेजारी एक पडदा. पडद्यात चेहरा नव्हता, नुसता गोड बाईचा आवाज होता. ते यंत्र शब्द ऐकतं, शब्दांमधले थांबे मोजतं आणि डोळे कुठं फिरतात ते बघतं, असं दामलेनं सांगितलं.

द्वारकाबाई खोलीत शिरल्या आणि त्यांचे खांदे उतरले. तोंड थोडं उघडं राहिलं. शर्वाणी बघतच राहिली. पाच मिनिटांपूर्वी रिक्षावाल्याशी सुट्ट्यासाठी हुज्जत घालणारी बाई कुठंतरी विरघळून गेली होती.

"आजी, आज वार कोणता?" आवाजानं विचारलं.

"वार?" द्वारकाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आंबे आले का?"

"तुमचं गाव कोणतं?"

"नदी आहे तिथं." मोठा थांबा. "होती."

"उंबऱ्यावर पाणी कुणी आणलं?"

"आणलं? पाणी येतं. आपलं आपण येतं."

दामले खाली बघत टिपून घेत होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ हळूहळू वर सरकत होती. आजार दाखवणारी रेघ असावी ती. काम होत होतं. घर, ओटा, रेघ असलेली ती भिंत, सगळं परत येत होतं, एकेका उत्तरानं.

"तुमच्या शेजारी बसलेल्या या कोण?"

द्वारकाबाईंनी मान वळवली. इतकी वर्षं ज्या डोळ्यांनी शर्वाणीला तापात बघितलं, भांडणात बघितलं, पहिल्या पगाराचा पेढा भरवताना बघितलं, ते डोळे तिच्यावरून असे फिरले जसे भिंतीवरून फिरतात.

"ओळखत नाही," त्या म्हणाल्या.

नाटकच होतं. शर्वाणीला ठाऊक होतं. तरी तिला दिसलं, उद्यापासून हेच खरं असणार. कंपनीत खरं, बँकेत खरं, उंबऱ्यात खरं. ही बाई अंगणात फुलं काढायला निघेल आणि घर ओरडेल. पुढच्या आषाढात हिची पिशवी भरून हिलाही कुठंतरी धाडावं लागेल, म्हणजे हप्ता परवडेल. घर राहील. घरात ही राहणार नाही.

"झालं," दामले म्हणाला. त्याचा स्वर सुटका झाल्यासारखा होता. "आता फक्त तुमचा जबाब. मॅडम, घरी त्या नेहमी अशाच असतात का? हो किंवा नाही."

टेबलाखाली द्वारकाबाईंनी आपली चप्पल शर्वाणीच्या पायावर ठेवली आणि जोरात दाबली. हो म्हण.

"नाही," शर्वाणी म्हणाली.

दामलेनं मान वर केली.

"माझ्या सासूबाई पूर्ण भानावर आहेत. भानावर असताना नदीवर गेल्या, भानावर असताना पाणी आणलं, पाऊल उठवलं. आमच्याकडे सगळ्याच उठवतात. त्यानंतर नदी आली, तिची ती आली. आणि आत्तासुद्धा त्या भानावरच आहेत, टेबलाखाली माझा पाय चेंगरतायत."

पायावरचा भार नाहीसा झाला. पडद्यातल्या बाईनं गोडपणानं विचारलं, "कृपया हो किंवा नाही असं उत्तर द्या."

"नाही. नाही म्हटलं ना!"

दामलेनं चष्मा काढून पुसला. "मॅडम, याचा अर्थ कळतोय ना? दावा इथंच संपतो. मला काही करता येणार नाही."

"हे जे मी बोलले ते कुठं जातं?"

तो जरा घुटमळला. "आजवर वहाळपेठेहून आलेली सगळी उत्तरं एकाच खान्यात गेली, आजार. यंत्र तेच शिकलं. तुमचं त्या खान्यात बसत नाही. जे कुठंच बसत नाही ते वेगळं काढतात, आणि ते मग माणसं वाचतात. वाचून कदाचित यंत्राला सांगतील की असं हातानं आणलेलंही एक पाणी असतं, ते कुणी फसवायला आणत नाही. कदाचित." त्यानं चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. "पण त्यानं तुमचं घर वाचणार नाही."

"माहीत आहे," शर्वाणी म्हणाली.

---

रिक्षात बसल्यावर द्वारकाबाई फुटल्या.

"घालवलंस! एवढं चढवत आणलं होतं मी, शेवटच्या पायरीवरनं ढकललंस. काय बिघडत होतं? मी वेडी म्हटल्यानं मी काय वेडी होणार होते?"

"झाला असतात तुम्ही. दार ओरडलं असतं तुमच्यावर. लतिकाच्या आईवर ओरडतं तसं."

"ओरडू दे! त्या पट्टीच्या बापाचं काय जातं! मी रोज मुद्दाम ओलांडला असता उंबरा. दहादा ओलांडला असता."

"आणि मी रोज मोबाइलवर बोट दाबून तुम्हाला सोडलं असतं? गोठ्यातल्यासारखं?" शर्वाणीचा आवाज चढला. "मला नाही जमणार, आई. तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात, तेच मला जमलं नाही."

द्वारकाबाईंनी तोंड फिरवलं. बाहेर दुकानं मागे पळत होती. नाक्यावर पाटी आडवी पडलेली, तिच्यावरही पुराची रेघ. रिक्षा एका खड्ड्यात आपटली आणि दोघींचे खांदे एकमेकींवर आदळले. दोघीही सरकल्या नाहीत.

रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मायलेकी का हो?"

"सून आहे," द्वारकाबाई खेकसल्या. "अक्कल नाही, पण सून आहे. तुम्ही समोर बघा."

मग त्यांनी हात पुढे केला. "निनादला फोन लाव."

"आत्ता? आई, मी सांगते त्याला, रात्री निवांत—"

"लाव म्हणत्ये ना."

शर्वाणीनं लावला. बराच वेळ नुसती खरखर. मग दूरवरून, पाण्याच्या पलीकडून, "हॅलो? काय झालं? झालं का काम?"

"ऐक रे," द्वारकाबाई फोनमध्ये ओरडल्या, जणू समुद्र त्यांनाच ओलांडायचा होता. "तुझ्या बायकोनं घर घालवलंय. पार घालवलंय. आम्ही दोघी आता खोली शोधतोय, भाड्याची. तिला एक शब्द जरी बोललास ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

पलीकडून उत्तर यायला वेळ लागत होता. द्वारकाबाईंनी तोवर फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं रिक्षावाल्याच्या पाठीवर टिचकी मारली.

"तुमच्याकडे कुठं जागा आहे का हो बघण्यातली? पण चढावरची हवी."